गाडीचं नाव कोणासाठी ठेवायचं?

घाटंजीकर: गाडीचं नाव चालवणाऱ्याच्या तोंडात बसलं पाहिजे, हे माझं ठाम मत. टाटा एस २००५ साली आली, पण आमच्या बाजारात ती छोटा हत्तीच. महिंद्रानं २०१५ मध्ये टीयूव्ही३०० काढली. गाडी दणकट, नाव मात्र आरटीओच्या फॉर्मसारखं. शेवटी २०२१ मध्ये तीच गाडी सुधारून बोलेरो निओ म्हणून आणली. आकड्यांवर कोणाचा जीव जडत नाही, मग पुन्हा पुन्हा आकडे कशाला?

बोलेरोवाला_वणी: भाऊ, मले नाही पटत. बोलेरो म्हणजे स्पेनचा एक नाच, इथं कोणाले माहीत हाये? तरी लग्नाचं वऱ्हाड असो की रातच्याले बाळंतिणीले यवतमाळले न्याचं असो, लोकं पहिले बोलेरोच सांगते. पांधनीच्या गाऱ्यातून निघते म्हणून. नाव गाडीनं कमावलं.

घाटंजीकर: टीयूव्ही३०० पण त्याच गाऱ्यातून निघत होती, दादा. मग बोलेरोइतकी का नाही खपली?

जुना_सुमोप्रेमी: नाव कसं ठेवावं ते सुमोकडून शिकावं. टेल्को (आजची टाटा मोटर्स) उभी करणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगची पहिली दोन-दोन अक्षरं घेतली. आपल्या माणसाचा मान राहिला आणि खेड्यातल्या म्हातारीलाही म्हणता आलं.

वरोऱ्याची_मास्तरीण: एक गोष्ट सगळेच सोडून बोलताय. नाव कंपनीच्या एकटीच्या हातात नसतं. टाटांनी झिका नाव जाहीर केलं आणि तेवढ्यात त्याच नावाच्या विषाणूची साथ आली. २०१६ मध्ये टियागो करावं लागलं. महिंद्राच्या बीई ६ई या इलेक्ट्रिक गाडीच्या नावावर इंडिगो विमान कंपनी कोर्टात गेली, कारण ६ई हा त्यांच्या विमानांचा कोड. डिसेंबर २०२४ मध्ये नुसतं बीई ६ उरलं. सोपी, गोड नावं आधीच कोणीतरी नोंदवून ठेवलेली असतात.

पार्टवाले_काका: मास्तरीणबाईंशी सहमत, नाव लोकंही ठेवतात. पण त्यानं काम भागत नाही. दुकानात गिऱ्हाईक येतं, "छोट्या हत्तीची क्लच प्लेट द्या." कोणत्या? डिझेल की पेट्रोल, जुना की गोल्ड? आरसी पाहिल्याशिवाय हात लावता येत नाही. चुकीची प्लेट नेली तर ऐन कापसाच्या हंगामात त्याचीच गाडी उभी.

घाटंजीकर: काका, तो "टाटा एस" म्हणाला असता तरी तुम्ही हेच विचारलं असतं. डिझेल-पेट्रोल कागदावर राहू द्या ना. मी बोनेटवरच्या नावाबद्दल बोलतोय.