आखाजीला भाडं वाढतं

जळगाव, महाबळ

पुण्यातला माझा मावसभाऊ अजून म्हणतो, ‘तुमच्याकडे काय भो, खोल्या फुकटात.’ २०१७ साली मी दोन खोल्या-किचन महिना ४,००० रुपये भाड्यानं घेतलं होतं. या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मालकांनी भाडं ७,५०० वरून ९,००० केलं. पूर्वी आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या शेतगड्याचं, साल ठरायचं, आता आमचं ठरतं. मी एका दालमिलमध्ये हिशेब बघतो. एवढ्या वर्षांत पगार दुप्पट झालेला नाही, भाडं झालंय. तुम्ही कसं निभावताय? भाडेकरू, मालक, हप्तेवाले, प्लॉट घेऊन बसलेले, सगळ्यांनी सांगा. आकडे लिहा. ‘खूप वाढलं’ म्हटल्यानं काही कळत नाही.

भुसावळ

नोकरी जळगावच्या एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात. राहतो भुसावळला. वडील रेल्वेत होते, सगळी हयात क्वार्टरमध्ये गेली. दारात निंब, भाड्याची कटकट नाही, त्यामुळे घर बांधायचं कुणाला सुचलंच नाही. सुचलं तेव्हा निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि फंडाचे पैसे बहिणीच्या लग्नात गेले. आमच्या ओळीतल्या निम्म्या घरांची हीच गोष्ट आहे. आता ५,५०० भरतो. जळगावात तेवढ्याच जागेला ८,००० सांगतात. रेल्वेचा मासिक पास त्या फरकापुढे किरकोळ. पण गाडी लेट झाली की कारखान्यात अर्धा दिवस कापतात, ते मी हिशेबात धरलंच नव्हतं.

धुळे, देवपूर

मी नर्स आहे, मैत्रिणीबरोबर राहते. स्वस्तात खोली हवी असेल तर सगळे एकच सांगतात, वरच्या मजल्यावरची घ्या. स्वस्त का, ते एप्रिलात कळलं. स्लॅब रात्री दोनपर्यंत तापलेलाच. नाइट करून दिवसा झोपायचं तर कूलर हवाच, आणि वीज सबमीटरवर, युनिटला १२ रुपये, मालकांनी ठरवलेला भाव. भाड्यात वाचलेले हजार रुपये कूलरनं खाल्ले. गच्चीला चुना मारला, थोडा फरक पडला. कुणी म्हणालं गोणपाट टाकून ओलं ठेवा. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, गोणपाट कशानं भिजवू?

मालकीणकाकू स्वभावानं चांगल्या आहेत. ‘घर तुमनंच शे,’ म्हणजे तुमचंच आहे, म्हणतात आणि दर अकरा महिन्यांनी ५०० वाढवतात. आम्ही तिसरी मुलगी घेतली, भाडं तिघींत वाटू म्हणून. तर काकूंनी माणशी भाडं सुरू केलं.

अमळनेर

मी घरमालक, शिव्या द्यायच्या तर द्या. निवृत्त शिक्षक आहे, वरचा मजला ६,००० ने दिलाय. गेल्या वर्षी गच्ची गळायला लागली आणि संडासाची टाकी फुटली. सहा महिन्यांचं भाडं त्यातच गेलं. वाळू काय भावानं पडते ते सध्या बांधकाम काढलेल्या माणसाला विचारा, तापी-गिरणा दाराशी असूनही.

पण सगळ्यांना सांगतो, तोंडी व्यवहार ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ वाचा. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, उलट सिद्ध करायचं काम मालकाचं. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे चहापाण्याचा खर्च. वाढ मी करारातच लिहितो, वर्षाला ५ टक्के. आखाजीला एकदम धक्का नको.

धुळे, देवपूर

सर, हे काकूंना वाचून दाखवू का?

जळगाव, पिंप्राळा

भाडं भरण्यापेक्षा हप्ता भरू, असं मलाही वाटलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये २२ लाखांचं कर्ज काढलं, ६.९ टक्के, २० वर्षं, हप्ता १६,९०० च्या आसपास. तेव्हा रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ४ टक्के होता; माझं व्याज त्याच्याबरोबर हलतं. मे २०२२ पासून वाढत वाढत फेब्रुवारी २०२३ ला तो साडेसहावर गेला. माझा हप्ता मात्र तोच! मी खूश. बायको म्हणाली, जरा स्टेटमेंट काढा. काढलं, तर १६,९०० पैकी जवळजवळ १६,७०० व्याजातच जात होते. मुद्दल मुंगीच्या पावलानं उतरत होती. बँकेनं परस्पर मुदत ताणली होती, कागदावर मी म्हातारा होईपर्यंत.

शाखेत जाऊन बसलो. हप्ता २०,२०० करून घेतला आणि मुदत मूळची ठेवली. त्यासाठी आधी गाडी विकली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायला हवं. पण ‘विचारणं’ म्हणजे मोबाईलवर एक मेसेज, तो आपण वाचत नाही. २०२५ मध्ये रेपो उतरला तेव्हा हप्ता कमी करायचा पर्याय आला. घेतला नाही, २०,२०० च चालू ठेवला. मुदत आटतेय, ते बरं वाटतं. मात्र मुलाचा क्लास त्याच २०,२०० मुळे बंद आहे, हेही लिहायलाच हवं.

नंदुरबार

एक गुंठा घेतला, सामाईक सातबारा, एनए (बिगरशेती) नाही. त्यावर बँक कर्ज देईना. घरकुलाचे अडीच लाख मिळतात ऐकून गेलो, तर जागेची कागदपत्रं स्वच्छ हवीत म्हणाले, आणि पैसेही काम जसं वर चढेल तसे टप्प्यानं. पाया घालायचे पैसे आपलेच. सध्या प्लॉटवर काटेरी कुंपण आहे आणि आम्ही भाड्यानं. सातबारा आधी बघा, भाव नंतर.

जळगाव, शिव कॉलनी

आमच्याकडे प्रश्न कानबाईचा, म्हणजे श्रावणात घरी बसवतो त्या खानदेशातल्या देवीचा आहे. गावाकडचं धाब्याचं घर तीन पावसाळ्यांपूर्वी बसलं. थोरले आम्ही, म्हणून कानबाई आमच्या भाड्याच्या फ्लॅटवर आली. नागपंचमीनंतरचा रविवार, रोटांचं दळण आणि चाळीस भाऊबंद. वन बीएचकेत! खालून मालक आले, ‘टाकी संपली, संडास तुंबला, हे काय चालवलंय?’ सासूबाई म्हणाल्या, बसा, आरती घ्या. बसले बिचारे. पण पुढच्या करारात ‘दोनपेक्षा जास्त पाहुणे नकोत’ अशी ओळ घातली.

तिघा भावांनी मिळून घर घ्यायचं ठरलं होतं. दोन प्लॉट बघितले. रेडी रेकनरचे, म्हणजे जागेचे सरकारी दर एप्रिल २०२५ ला वाढले आणि सौदा बोलणीतच राहिला. धाकटा दीर पुण्याला, तिथल्या डिपॉझिटसाठी त्यानं स्वतःचा वाटा काढून घेतला. त्याला काय बोलणार, तोही भाडेकरूच.

यंदा करार करताना मी ती ओळ दाखवली आणि म्हटलं, दोन दिवसांची सूट लिहा, नाहीतर आम्ही खोली सोडतो. मालकांनी लिहिलं, ‘श्रावणातील कानबाईचा रविवार व सोमवार वगळून’. भाडं ७०० वाढवलं. टँकरचे पैसे वेगळे, हेही आत्ताच सांगून ठेवलंय.