फर्स्ट इयरच्या फिजिक्स लॅबला हॅप्टिक सिम्युलेटर घ्यावा का?

चुंबकसूची: बारा वर्षं इंजिनिअरिंगच्या पोरांना फिजिक्स शिकवतोय. कूलॉमचा नियम (दोन विद्युत चार्जमधला फोर्स) सगळे घडाघडा म्हणतात, पण चार्जमधलं अंतर निम्मं केलं की फोर्स चौपट म्हणजे हाताला नेमकं काय होतं ते विचारलं की गप्प. मागे एका वर्कशॉपला हॅप्टिक यंत्र हाताळलं, म्हणजे स्क्रीनवरचा फोर्स हाताला जाणवून देणारं, पेनासारखी दांडी आणि आत मोटर. स्क्रीनवरचा एक चार्ज दुसऱ्याजवळ नेत गेलो, आधी जेमतेम जाणवलं आणि शेवटच्या बोटभर अंतरात मनगटच मागे रेटलं गेलं. हे फळ्यावर दाखवता येत नाही हो. कॉलेजने निदान दोन तरी घ्यावेत.

सोडियमदिवा: सर, माझा विरोध आहे. आमच्याकडे न्यूटन्स रिंग्जच्या (प्रकाशाची वर्तुळं मोजायचा ऑप्टिक्सचा प्रयोग) एका सेटवर सहा जण असतात, एक जण रीडिंग घेतो आणि बाकीचे जर्नलमध्ये उतरवतात, मग आधी सेट वाढवायचे की यंत्र आणायचं? सोडियमचा दिवा आधी लालसर पेटतो, पिवळा व्हायला काही मिनिटं जातात, मायक्रोस्कोपचा स्क्रू मध्येच उलटा फिरला की बॅकलॅश, म्हणजे आट्यांमधल्या ढिलेपणाची चूक, येतो आणि सगळी रीडिंगं परत. ती चीडचीड म्हणजेच प्रयोग. सिम्युलेटरमध्ये सगळं गुळगुळीत असतं. आणि स्क्रीनवरचंच हवं असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स फुकट आहेत, मराठीतसुद्धा.

थर्डइयरमेकॅनिकल: फेट मी वापरलंय, चांगलंच आहे पण त्यात माऊसला जड-हलकं काही लागत नाही ना. आणि विकतच कशाला घ्यायचं? स्टॅनफर्डच्या हॅपकिटचं डिझाइन खुलं आहे, एकाच दिशेला हलणारी दांडी, छोटी डीसी मोटर, थ्रीडी प्रिंटचे भाग. आम्ही तिघांनी तसलंच एक जमवलं. कोडमध्ये स्प्रिंगचं एफ बरोबर उणे केएक्स लिहायचं (एफ फोर्स, के स्प्रिंगचा कडकपणा, एक्स दांडी किती सरकली ते), के वाढवला की दांडी बोटाला कडक लागते, अजून वाढवला की हातातच थरथरायला लागते. कारण फोर्सचा हिशोब सेकंदाला साधारण हजार वेळा व्हावा लागतो, आमचा बोर्ड तेवढा पळत नव्हता. त्या थरथरीमागे लागून दोन रात्री गेल्या सर, पण स्टॅबिलिटी म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

सोडियमदिवा: हे पटतंय. पोरांनी स्वतः बनवायचं असेल तर माझी हरकत नाही, त्यात चुकायला जागा आहे. पण त्यासाठी ऑप्टिक्सचं एकही प्रॅक्टिकल कापू देणार नाही.

चुंबकसूची: कापायचं नाहीच. मेकॅनिकलवाल्या, ती दांडी घेऊन शुक्रवारी लॅबला ये, थरथर तशीच राहू दे.