अकरा महिन्यांचा करार: ‘सर्व दुरुस्ती भाडेकरूची’ या ओळीचं काय करायचं?

प्रश्न (नवा_भाडेकरू): पुण्यात टू बीएचके घेतोय. भाडं २२ हजार, डिपॉझिट १ लाख. मसुद्यात लिहिलंय, ‘सर्व दुरुस्ती भाडेकरू करेल’, आणि घर सोडताना एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापणार. सही करण्याआधी काय बदलून घेऊ? सोसायटीचे पैसे कोणी भरायचे?

पाना_पक्कड: ‘सर्व’ हा शब्द आधी खोडा. नळाचा वायसर, ट्यूबलाइट, तुंबलेली मोरीची जाळी हे तुमचं. भिंतीतली पाइपलाइन, ओल, वायरिंग मालकाचं. मधल्या गोष्टींसाठी रक्कम ठरवा. उदाहरणार्थ ५०० रुपयांपर्यंत तुम्ही, त्यावर मालक.

सगळ्यात जास्त वाद गीझरवरून होतात. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर कॉइलवर पांढऱ्या क्षाराचा थर बसतो. थर जाड झाला की उष्णता पाण्यात उतरत नाही, कॉइल स्वतःच तापून जळते. यात भाडेकरूची काही चूक नसते. टाकीत पाणी नसताना बटण चालू ठेवलं तर मात्र खर्च तुमच्या गळ्यात. राहायला जाण्याआधी गीझर उघडून साफ करून मागा आणि तारीख मालकाला व्हॉट्सअॅपवर लिहून ठेवा.

चुना_आणि_पुट्टी: रंगाची कपात करारात आकड्यासकट लिहिली असेल, तर नंतर हुज्जत घालून फारसा उपयोग नाही. अकरा महिन्यांत भिंत थोडी मळणारच, ती वापरातली झीज. ‘भोकं व डाग यांचीच भरपाई, बिल दाखवून’ असं लिहून घ्या. ड्रिलची भोकं वॉल पुट्टीने बुजवा, सुकल्यावर बारीक सँडपेपर मारा. भिंत रंगीत असेल तर पांढरे ठिपके उठून दिसतात, म्हणून शेडचा नंबर आधीच विचारून ठेवा. आणि ते चिकटवायचे हूक! निरुपद्रवी वाटतात, पण ओढले की रंगाचा पापुद्रा घेऊनच निघतात. हेअर ड्रायरने गरम करून सावकाश काढा.

दस्त_नोंदणी: सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, हे करारात स्पष्ट हवं. मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सोसायटी मालकाकडून घेते. तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही.

करार नोंदवूनच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही पूर्ण मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून. तुमच्या आकड्यांत सहा-सातशेच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. एजंट यावर किती लावतोय ते बघा!

नवा_भाडेकरू: आणि लाइटबिल?

पाना_पक्कड: किल्ली घेताना मीटरचा फोटो काढा, आकडे आणि मीटर नंबर दोन्ही दिसायला हवेत. सोडताना पुन्हा तसाच. महावितरणचं बिल महिन्याच्या मधल्याच कुठल्या तरी तारखेपर्यंतचं असतं, त्यामुळे शेवटचे दिवस रीडिंगच्या फरकावरून मोजावे लागतात. आधीची थकबाकी आहे का, तेही ग्राहक क्रमांक टाकून सही करण्याआधीच बघून घ्या.