स्तंभालेख वाचताना मुलगी सारखी चुकते, घरी कसं शिकवू?

सहावीची आई:
मुलगी सहावीत आहे, मराठी मीडियम. बेरीज-वजाबाकी फटाफट करते पण स्तंभालेख आला की गडबड. परवाच्या चाचणीत प्रमाण 1 सेमी = 5 विद्यार्थी होतं, स्तंभ 4 सेमी उंच, आणि हिने उत्तर लिहिलं 4. सगळ्यात उंच स्तंभ कुठला ते बरोबर सांगते पण स्तंभ दोन रेषांच्या मध्येच थांबला की अंदाजे काहीतरी लिहून टाकते. मी रागावले तर रडायला लागली, मग मलाच वाईट वाटलं. कुणी घरी शिकवलंय का?

गणिताच्या बाई:
ताई, रागावू नका, ही चूक माझ्या वर्गात दरवर्षी होते. मुलं स्तंभ बघतात, प्रमाणाकडे लक्षच जात नाही कारण ते कशाला लागतं हेच कळलेलं नसतं. घरी कॅरम आहे का? खिडकीत बसवून रस्त्यावरच्या गाड्या मोजायला लावा, समजा टू-व्हीलर 20, कार 15, रिक्षा 10 झाल्या, आता एका गाडीला एक सोंगटी असे ढीग रचायला सांगा. सोंगट्या सगळ्या मिळून 19, टू-व्हीलरलाच पुरणार नाहीत. मग काय करायचं ते तिलाच विचारा आणि थोडं थांबा, "एका सोंगटीला 5 गाड्या धरू" हे तिच्या तोंडून यायला हवं. ढीग होतील 4, 3 आणि 2 चे. यानंतर 4 म्हणजे 20 हे वेगळं सांगावं लागत नाही.
मधल्या आकड्यासाठी आलेख कागदच घ्या. 1 सेमीत 10 बारीक घरं, म्हणजे 5 विद्यार्थ्यांना 10 घरं, एकाला 2. मग 17 चा स्तंभ 3 सेमी आणि वर 4 घरं.

क्रिकेटवाला बाबा:
आमच्याकडे मॅचने काम केलं. टीव्हीवर प्रत्येक ओव्हरच्या रनांचे स्तंभ दाखवतात ना, मॅनहॅटन म्हणतात त्याला, ते मुलासोबत वहीत काढायचो. ही ओव्हर एवढी छोटी का, विकेट पडली होती का, असं विचारलं की आपोआप बोलायला लागतो. पुरुषांचे वनडे वर्ल्डकपही काढा, 2023 पर्यंत ऑस्ट्रेलिया 6, भारत आणि वेस्ट इंडिज 2-2, पाकिस्तान, श्रीलंका, इंग्लंड 1-1.

गणिताच्या बाई:
छान आहे हे दादा. फक्त उभा अक्ष 0 पासून सुरू करा. 50 पासून केला तर 54 चा स्तंभ 52 च्या दुप्पट दिसतो आणि मुलं फसतात.

सहावीची आई:
बाई, रविवारी गाड्या मोजल्या! सोंगट्या संपल्या तेव्हा दोन मिनिटं गप्प बसली आणि मग स्वतःच म्हणाली, एकीला 5 धरू का? खूप भारी वाटलं. पण "कारपेक्षा टू-व्हीलर किती जास्त" विचारलं की अजून नुसती टू-व्हीलरचीच संख्या सांगते.

गणिताच्या बाई:
दोन्ही ढीग शेजारी ठेवा आणि जास्तीच्या सोंगटीवर बोट ठेवायला सांगा. आधी बोट, मग आकडा. वजाबाकी दोन दिवसांनी.