'सुटले', 'मोकळी झाले' की आणखी काही?

खाडीपल्याड (गुहागर)
वाचनमंडळासाठी अमेरिकन लेखिका केट शोपँ यांची 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' (१८९४) ही कथा मराठीत करते आहे. नवरा रेल्वे अपघातात गेल्याची बातमी येते. लुईझ मॅलर्ड वरच्या खोलीत दार लावून उघड्या खिडकीशी बसते आणि पुटपुटते, 'फ्री, फ्री, फ्री!' मी लिहिलं, 'मोकळी झाले'. सासूबाईंनी वाचून विचारलं, "अगो, ही बाळंत कधी झाली?" आमच्याकडे सुखरूप बाळंत झालेलीलाच 'मोकळी झाली' म्हणतात. 'मुक्त' पुस्तकी वाटतं, 'स्वतंत्र' म्हटलं की झेंडावंदन आठवतं. काय लिहू?

गावपांढरी (राजापूर)
'मोकळी' नकोच. पुरुष मोकळा म्हणजे निवांत. बाईचं कपाळ मोकळं म्हणजे कुंकू पुसलेलं, आणि मोकळी वागते म्हणजे तिला वळण नाही. हे सगळं त्या एका शब्दामागून येणार.

माडाची सावली (मालवण)
'सुटले' लिहा. आजोबांचं बारावं झाल्यावर आजी मागीलदारी भांडी घासताना आईला म्हणाली होती, "सुटलंय गो बाये." आईने ते कितीतरी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. हिंदी-इंग्रजीचा वारा न लागलेली बाई होती ती, तिच्या तोंडी हाच शब्द आला.

खाडीपल्याड
'सुटले'ची धास्ती वेगळीच. आजारपणात खितपत गेलेल्या माणसाला आपण 'सुटला बिचारा' म्हणतो. कथेच्या शेवटी नवरा जिताजागता दारात उभा राहतो आणि त्याला बघून लुईझच कोसळून मरते. डॉक्टर म्हणतात, आनंद सोसला नाही. सुरुवातीलाच 'सुटले' वाचलं तर शेवट फुटेल.

माडाची सावली
फुटत नाही, उलट जुळतो. खोलीत ती 'सुटले' म्हणते आणि शेवटी आपण वाचणारे 'सुटली' म्हणतो. इंग्रजीला हे जमलेलं नाही, मराठीला आयतं मिळतंय. ते का सोडायचं?

गावपांढरी
कारण 'सुटली बिचारी' हे नेहमी दुसरं कुणीतरी म्हणतं. डॉक्टरांनी तिच्या मरणाचा अर्थ परस्पर लावून टाकला, तसंच तेही.

शब्दनिष्ठ (रत्नागिरी)
'मुक्त' हाच शुद्ध आणि नेमका शब्द आहे. घरगुती शब्दांना नको ते अर्थ चिकटतात, हे वर दिसलंच.

तांबडी माती (दापोली)
'मोकळा' हा 'मुक्त'चाच प्राकृतातून आलेला वंशज, तेव्हा शुद्धतेचा मुद्दा बाजूला ठेवू. कथेत पुढे काय येतं बघा: येणाऱ्या वर्षांत तिला दुसऱ्या कुणासाठी जगायचं नाही, स्वतःसाठी जगायचं आहे. सुटणं म्हटलं की 'कशातून?' हा प्रश्न येतो, आणि ही बाई तर पुढे बघते आहे. माझी आत्या एकटीने सुपारीची बाग सांभाळायची. कुणी लग्नाचं काढलं की म्हणायची, "मी माझी मुखत्यार." 'मी माझी मुखत्यार झाले' लिहून पाहा. मुखत्यार आणि इख्तियार एकाच अरबी मुळातले, आणि त्या मुळात निवडण्याचाच अर्थ आहे.

शब्दनिष्ठ
आणि आपली भाषा? सावरकरांनी याच रत्नागिरीतून भाषाशुद्धीचा आग्रह धरला. 'स्वाधीन' घ्या. स्वतःच्या अधीन, अर्थ स्वच्छ आहे.

तांबडी माती
'मुलगी नवऱ्याच्या स्वाधीन केली' हे वाक्य कधी कानावर पडलं नाही? व्यवहारात 'स्वाधीन' म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यात. आणि सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते, ती नोंद इतिहासात आहे. त्याच जिल्ह्यात ज्यांचा जन्म माजघर आणि विहीर यांच्यामध्ये गेला, त्या बायकांना 'स्थानबद्ध' कुणी म्हटलं नाही. त्यांना 'घरंदाज' म्हटलं.

जात्याची पाळी (वेंगुर्ले)
विशेषण कशाला शोधताय? जनाबाई म्हणते, 'डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी.' 'जाईन मी' एवढ्यात सगळं आलं. क्रियापद शोधा.

खाडीपल्याड
पण लुईझ कुठेच जात नाही हो. खुर्चीतच बसलेली आहे.

गावपांढरी
मुखत्यारवरून राहवत नाही. आमच्याकडे तो शब्द कुलमुखत्यारपत्रात उरला आहे. बहीण सही करते, मुखत्यार होतो मुंबईचा भाऊ. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, तरी हक्कसोडपत्रं होतातच.

माडाची सावली
कुलमुखत्यारपत्र आणि हक्कसोड एक नव्हेत. पहिल्यात कारभार जातो, दुसऱ्यात वाटाच जातो. शिवाय काही बहिणी मनापासून सोडतात, माझ्या आईने सोडला.

गावपांढरी
कागदावर 'राजीखुशीने' छापलेलंच असतं. 'नाही' म्हटलं तर माहेर तुटतं, मग त्याला निवड कसं म्हणायचं?

जात्याची पाळी
आमच्या भागात सही झाली की भाऊ बहिणीला साडी नेसवतो. त्या साडीला तुमच्याकडे वेगळं नाव आहे का?