क्लासशिवाय सेटअपचंही काम आहे
बँड सुटला की गिटारवाल्याला क्लासच उरतात असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं. सेटअपचं, म्हणजे गिटार वाजवायला नीट जुळवून देण्याचं, काम नागपुरात हवामानच पुरवतं. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत फिंगरबोर्ड (मानेवरची बोटं ठेवायची लाकडी पट्टी) आकसतो, फ्रेटची (त्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बाहेर येऊन बोटांना टोचतात. अकूस्टिक गिटार कूलरसमोर टांगली की लाकूड फुगतं आणि तारा वर चढतात. मानेचा वाक असा मोजायचा: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, मान जिथे बॉडीला मिळते तिथली फ्रेट दाबायची, सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा. इलेक्ट्रिक गिटारला साधारण ०.२ मिमी फट पुरे. ट्रस रॉड (मानेतली वाक जुळवायची सळई) एका वेळी पाव फेराच फिरवायचा, मग तारा सुरात लावून पुन्हा मोजायचं. जोर केला तर रॉडच्या नटचे काठ झिजतात, आणि स्वस्त गिटारला ती दुरुस्ती परवडत नाही. फ्रेटची टोकं मात्र उन्हाळ्यातच घासून घ्या. पावसाळ्यात लाकूड फुगलं की ती लपतात.