३३.३ गुणिले तीन, आणि यार्न उठेचना

सातपूर_नाइटशिफ्ट:
मंडळी, डोकं फिरलंय. ऑफिसात छोटा हडूप क्लस्टर आहे (मोठा डेटा मिळून चाळणारी मशीनं), त्यातली ताकद वाटणारा यार्न कपॅसिटी शेड्युलरवर, म्हणजे प्रत्येक टीमच्या रांगेला (क्यूला) टक्क्यांत वाटा, बेरीज शंभर हवी. दोनच क्यू होते तोवर ५०-५० मजेत चाललं होतं, परवा तिसरी टीम आली म्हणून मी सरळ तिघांना ३३.३ लिहिलं, रिसोर्स मॅनेजर (यार्नचा मुख्य प्रोग्रॅम) रिस्टार्ट केला तर तो उठेचना, लॉगमध्ये रूटच्या (सगळ्यात वरच्या क्यूच्या) पोरांची 'इल्लीगल कपॅसिटी' म्हणून बोंब. गंमत म्हणजे ३३.३३ केलं की गपगुमान चालू. आता ९९.९९ तरी कुठे शंभर आहे? रात्री दोनला असली कोडी नको वाटतात राव.

गोदाकाठचा_जावावाला:
फ्लोटची, म्हणजे दशांश आकड्यांची, बेरीज तंतोतंत येईल याचा नेम नसतो, म्हणून कोडमध्येच ०.०५ टक्क्याची सूट ठेवलीय. ९९.९ म्हणजे ०.१ कमी, सूट ओलांडली. ९९.९९ ला ०.०१ च कमी, पास. पण त्या सुटीच्या भरवशावर राहू नकोस, एकाला ३३.३४ दे.

पिंपळगावचा_पायथॉन:
टक्के जुळले म्हणून प्रोसेसरचे कोर जुळतील असं नाही हां. मी घरचीच स्क्रिप्ट लिहिली होती, ६४ कोर तीन टीमना ५०, ३०, २० टक्के. म्हणजे ३२, १९.२, १२.८. इंट लावलं, म्हणजे अपूर्णांक छाटला, की ३२, १९, १२, बेरीज ६३, एक कोर महिनाभर माशा मारत बसला आणि कुणाला पत्ताच नाही. राउंड, म्हणजे जवळचा पूर्णांक, लावलं तर ६४ बरोबर आले, म्हटलं सुटलो, मग ३२ कोरचं मशीन तिघांत सारखं वाटायला घेतलं तर प्रत्येकी १०.६७ चे ११, झाले ३३! नसलेला कोर वाटून मोकळा. शेवटी आधी सगळ्यांना पूर्णांक दिले आणि उरलेले ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला, तेव्हा कुठे जमलं. आणि पायथॉनमध्ये ०.२९ ला १०० ने गुणून इंट कर एकदा, २८ येतं. मी आधी कीबोर्डलाच शिव्या घातल्या होत्या.

गोदाकाठचा_जावावाला:
हडूप ३.४ असेल तर टक्के सोडच, वेट मोड आहे, म्हणजे टक्क्यांऐवजी वजनं, तिघांना '१डब्ल्यू' लिही, भागाकार तो करेल.

सातपूर_नाइटशिफ्ट:
आम्ही अजून जुन्यावरच, अपग्रेड म्हटलं की साहेब चहाला जातात. रिपोर्टिंगवाल्यांना ३३.३४ टाकलं, चाललं. आता बाकीच्या दोन टीम विचारतायत त्यांना जास्त का म्हणून.